कळा सोसताना सोबत कोणाची?

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातल्या एखाद्या गावात रात्री गरोदर बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या की पुढे काय करायचे हे आता घरोघरी ठाऊक आहे. आशाताईंना फोन जातो, 102 किंवा 108 ची गाडी बोलावली जाते, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठले जाते आणि डॉक्टरांना काही वावगे वाटले तर राजूर घाट चढून बुलढाणा गाठावे लागते. या धावपळीत नवरा असतो, पण त्याच्याकडे गाडी, कागदपत्रे आणि पैसे एवढेच सोपवलेले असते. लेबर रूमचे दार लागले की त्याचे काम संपले, असे तोही मानतो आणि दवाखानाही. पहिले बाळंतपण असेल तर बहुधा तो त्या गावातच नसतो. बायको माहेरी गेलेली असते आणि ‘मोकळी झाली’ हा निरोप त्याला फोनवर कळतो. आत ती मात्र अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांमध्ये, आयुष्यातले सर्वांत कठीण काही तास बहुधा एकटीने काढते. हे असेच असायचे, असे आपण गृहीत धरले आहे. कळा सोसणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीचे माणूस सतत असणे हा प्रसूतीच्या उपचाराचाच भाग आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणाने तो भाग नकळत गाळला आणि तो परत आणायचा तर नवऱ्याला त्यासाठी तयार करावे लागेल, हे मला येथे मांडायचे आहे. मात्र त्याने आत यायचे की नाही, हे ठरवायचा अधिकार त्याचा नाही, दवाखान्याचा नाही आणि सासू-आईचाही नाही. तो फक्त बाळंत होणाऱ्या बाईचा आहे.

काय गमावले हे समजण्यासाठी काय कमावले ते आधी मान्य केले पाहिजे. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सुमारे 65 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या पाचव्या सर्वेक्षणात हे प्रमाण 94.7 टक्क्यांवर गेले. मधल्या काळात 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशा नेमल्या गेल्या आणि 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत केली. राज्यातला माता मृत्यू दर 2004-06 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 130 होता. तो 2018-20 मध्ये 33 वर आला. एवढ्या बायका वाचल्या, म्हणून घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अतिरक्तस्राव झाला किंवा झटके आले तर घरातल्या अंधाऱ्या खोलीत सुईणीजवळ काहीच उपाय नसे. पण त्या खोलीत एक गोष्ट होती. सुईण, सासू, जाऊ, शेजारची पाच-सहा बाळंतपणे झालेली म्हातारी यांपैकी कोणी ना कोणी बाळंत होणाऱ्या बाईच्या पाठीशी टेकून बसलेली असे. कोणी कंबर चोळी, कोणी पाणी पाजी, कोणी ‘आता थोडेच राहिले’ म्हणून धीर देई. बाळंतपण घरातून दवाखान्यात गेले, तेव्हा ही माणसे दाराबाहेर राहिली. आत डॉक्टर होते, सिस्टर होत्या, पण एकाच वेळी तीन-चार बायकांकडे पाहणाऱ्या सिस्टरला एकीच्या उशाशी बसून राहणे शक्यच नव्हते. जीव वाचवण्याची सोय झाली आणि जवळ बसण्याची सोय गेली. या दोन गोष्टींपैकी एकच निवडायला हवी, असे मात्र कोणत्याही वैद्यकशास्त्राने सांगितलेले नाही.

नवरा बाहेर राहिला तो आपल्या रूढीमुळे आणि दवाखान्याने ती रूढी फक्त पाळली, असे समजणे अर्धेच खरे आहे. घरच्या बाळंतपणात पुरुष खोलीत जात नसत, हे खरे. पण बाळंतपण दवाखान्यात गेल्यावर नवरा बाहेर बसला तो जगभर. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत बहुतेक बायका इस्पितळात बाळंत होऊ लागल्या, तेव्हा तिथले नवरेही सिगारेटी ओढत बाहेरच्या खोलीत बसत आणि बाळ झाल्यावर त्यांना काचेतून दाखवले जाई. तिथे सोवळे-ओवळे किंवा विटाळ यांचा प्रश्न नव्हता; प्रश्न इस्पितळाच्या शिस्तीचा होता. फ्रान्समध्ये फर्नां लामाझ या डॉक्टरांनी 1951 मध्ये सोव्हिएत रशियातली पद्धत पाहून श्वासाची आणि मनाची तयारी शिकवायला सुरुवात केली, अमेरिकेत रॉबर्ट ब्रॅडली यांनी 1965 साली नवऱ्यालाच प्रशिक्षित करण्याचे पुस्तक लिहिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बायकांनी मागणी लावून धरली. तेव्हा कुठे 1970 नंतर तिथली दारे उघडली. दोनतीन पिढ्यांपूर्वी ज्या समाजात नवऱ्याने आत असणे अशक्य वाटत होते, तिथे आज त्याने आत नसणे चमत्कारिक वाटते. म्हणजे हा रिवाज कुठल्याही संस्कृतीच्या हाडीमाशी खिळलेला नाही. इमारती, नियम आणि सवयी यांनी तो घडवला आहे, आणि तीच बदलली तर तोही बदलतो.

आता सोबतीने होते काय, हे पाहू. कळा येण्यासाठी शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागते. भीती वाटली, अपमान झाला, एकटे पडल्यासारखे वाटले की अॅड्रिनलिन वाढते आणि ते कळांच्या कामात अडथळा आणते. ‘घाबरली की बाळंतपण अडते’ हा जुन्या बायकांचा अनुभव शरीरशास्त्राशी जुळणारा आहे. ग्वाटेमाला देशातल्या एका सरकारी इस्पितळात मार्शल क्लॉस आणि जॉन केनेल यांच्या गटाने याची परीक्षा घेतली. त्या इस्पितळातही बायका एकट्याच बाळंत होत. काही जणींना कळांच्या पूर्ण काळात एक साधी, वैद्यकीय शिक्षण नसलेली, आधी ओळखही नसलेली बाई सोबत दिली. तिने हात धरायचा, पाठ चोळायची, बोलत राहायचे. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सोबत असलेल्या बायकांचा प्रसूतीचा काळ निम्म्याहून कमी निघाला. अभ्यास फार लहान होता, म्हणून तो आकडा तसाच धरून चालणे बरोबर नाही. पण त्यानंतर जगात अनेक ठिकाणी मोठ्या चाचण्या झाल्या. 2017 साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात 17 देशांतल्या 15 हजारांहून अधिक बायकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. निष्कर्ष ग्वाटेमालाइतके दिपवणारे नव्हते, पण अधिक भरवशाचे होते. सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझेरियनचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, प्रसूतीचा काळ सरासरी 40 मिनिटांनी कमी होता, बाळाची जन्मानंतर पाचव्या मिनिटाला होणारी तपासणी खराब निघण्याची शक्यता कमी होती आणि बाळंतपणाची कडवट आठवण राहण्याचे प्रमाणही बरेच कमी होते. सोबतीचा कोणताही अपाय आढळला नाही. हाच लाभ एखाद्या इंजेक्शनने होत असता तर ते प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये ठेवण्याची सक्ती एव्हाना झाली असती.

त्याच आढाव्यातली एक बारीक गोष्ट नवऱ्यांच्या बाजूने बोलणारे लोक सहसा सांगत नाहीत; ती सांगितली पाहिजे. सिझेरियन कमी होण्याचा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो इस्पितळाच्या नोकरीत नसलेली आणि नात्यातलीही नसलेली, सोबत करण्यासाठीच आलेली बाई होती तिथे. नात्यातले किंवा ओळखीचे माणूस सोबत होते तिथे बाईचे समाधान वाढले, पण बाकीचे परिणाम तेवढे ठळक नव्हते. यातून नवरा निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढील. मला त्यातून वेगळे दिसते. नुसते नाते पुरत नाही. सोबत कशी करायची हे माहीत असावे लागते. प्रेम असलेला पण काहीच ठाऊक नसलेला नवरा लेबर रूममध्ये उभा केला, तर तो स्वतःच घाबरतो आणि त्याला सावरणे हे बाईचे आणखी एक काम होऊन बसते. म्हणून ‘नवऱ्याला आत घ्या’ एवढीच मागणी अपुरी आहे. त्याला आधी तयार करा, ही तिच्यातली पहिली अट हवी.

सरकारी कागदावर यातले बरेच काही आधीच मंजूर आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये सार्वजनिक दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबती ठेवण्यास परवानगी दिली. सोबती म्हणून शक्यतो बाळंतपण अनुभवलेली नात्यातली स्त्री असावी आणि जिथे लेबर रूममध्ये खासगीपणा पाळला जातो तिथे नवऱ्यालाही परवानगी द्यावी, असे त्यात म्हटले आहे. सोबत्याला संसर्गजन्य आजार नसावा, त्याचे कपडे स्वच्छ असावेत, त्याने पूर्ण वेळ थांबावे, कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि खोलीतल्या इतर बायकांकडे जाऊ नये, अशा अटीही आहेत. डिसेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने लेबर रूमची गुणवत्ता आणि बाळंतिणीला सन्मानाची वागणूक या गोष्टी तपासणीच्या यादीत आणल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या शिफारशींमध्ये बाईच्या पसंतीचा सोबती प्रत्येक प्रसूतीत असावा, असे स्पष्ट लिहिले. मग अडले कुठे? अडले ते ‘जिथे खासगीपणा पाळला जातो’ या चार शब्दांत. एका खोलीत दोन-तीन टेबले, मध्ये पडदा नाही, अशी रचना असेल तर नियमातली परवानगी आपोआप निकामी होते. वर्षानुवर्षे लेबर रूम कर्मचाऱ्यांच्या सोयीने बांधल्या गेल्या, आणि आता त्याच बांधणीकडे बोट दाखवून बाईला एकटे ठेवले जाते. ज्या जुन्या अव्यवस्थेमुळे बाईची लाज राखली जात नव्हती, तीच आता तिची सोबत नाकारण्याचे कारण बनली आहे.

नवऱ्याने आत नेमके करायचे काय, हा प्रश्न गावात हसण्यावारी नेला जातो. उत्तर मात्र साधे आणि शिकवता येण्यासारखे आहे. कळांचा पहिला टप्पा पहिलटकरणीत बारा-पंधरा तासांचाही असू शकतो. या काळात तिने चालावे, कुशी बदलावी, घोट-घोट पाणी प्यावे; झोपूनच राहावे असे नाही. कळ आली की कंबरेवर तळव्याने दाब द्यायचा, श्वास लांब सोडायला सांगायचे, कळ गेली की गप्प राहून विसावू द्यायचे. दर काही तासांनी लघवीला जाण्याची आठवण करायची. ‘ओरडू नको’ हे वाक्य तोंडातून काढायचे नाही. सिस्टर काही सांगून गेल्या आणि कळेच्या भरात बाईला ते समजले नाही, तर शांतपणे पुन्हा सांगायचे. बाळ आल्यावर ते आईच्या उघड्या छातीवर ठेवले आहे ना, पहिल्या तासात अंगावर घेतले आहे ना, याकडे पाहायचे. बाळंतपणानंतर बाई बधिर वाटते, कपडे भराभर भिजताहेत, डोके भयंकर दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, यांपैकी काही दिसले तर लगेच सिस्टरला बोलवायचे. सतत जवळ बसलेले माणूस ही लक्षणे सर्वांत आधी पाहते, कारण बाकी कोणी सतत जवळ नसते. यातली एकही गोष्ट पुरुषाला अशक्य नाही. कापसाच्या हंगामात रात्रभर गाडी भरण्यासाठी जागणारा माणूस कंबर दाबत रात्र जागू शकतो.

सोबतीची दुसरी बाजू लेबर रूमच्या आधीची आहे, आणि मोताळ्यासारख्या ठिकाणी ती अधिकच निकडीची आहे. माता मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या सिरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी 1994 मध्ये तीन प्रकारच्या उशिरांची मांडणी केली: निर्णय घेण्यातला उशीर, पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. मोताळा घाटाच्या पायथ्याला आणि बुलढाणा घाटमाथ्यावर; मलकापूर दुसऱ्या दिशेला. बुलढाण्यात आता वैद्यकीय महाविद्यालयही 2024 पासून सुरू झाले आहे, पण तिथपर्यंत रात्री वीसेक किलोमीटर चढून जायचे की मलकापूरच्या खासगी दवाखान्यात न्यायचे, हा निर्णय ऐन वेळी घेतला की हमखास वेळ जातो. घरातला निर्णय अजूनही बहुतेक वेळा पुरुष घेतात. पण ज्याला गरोदरपणातले काहीच सांगितलेले नसते तो पुरुष निर्णय टाळतो किंवा मोठ्यांवर ढकलतो. नेपाळमध्ये काठमांडूच्या एका प्रसूतिगृहात झालेल्या चाचणीत काही बायकांना एकटीला आणि काहींना नवऱ्यासोबत गरोदरपणातली माहिती दिली गेली. जोडप्याने माहिती घेतलेल्या गटात प्रसूतीची पूर्वतयारी अधिक झाली आणि बाळंतपणानंतरच्या तपासणीला बायका अधिक प्रमाणात आल्या, असे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसते. तिथली घरे, सासवा आणि रिवाज आपल्याकडच्यांपेक्षा फार निराळे नाहीत.

यावर पहिला आक्षेप घरातून येईल. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत बाईच्या सुखासाठीच आहे, ती मोडायची का? अजिबात नाही. सासरी सून म्हणून वावरणाऱ्या मुलीला आईच्या घरी मोकळेपणाने झोपता येते, मागून खाता येते, रडताही येते. ही सवलत तिच्याकडून काढून घेणे निष्ठुरपणाचे होईल. पण माहेरच्या रीतीच्या आडून नवऱ्याला जी सूट मिळाली आहे, तिचा विचार व्हायला हवा. सातव्या महिन्यात ओटी भरून बायकोला पोहोचवायचे आणि बारशाला कपडे घेऊन जायचे, या दोन टोकांमध्ये बाप झालेल्या माणसाचे काही कर्तव्य उरत नाही. खर्च माहेरचा, जागरण आईचे, वेदना तिच्या. बाळंतपणाची तारीख डॉक्टरांनी दिलेली असते; त्या सुमारास दोन आठवडे तिच्या माहेरच्या गावी किंवा जवळपास राहणे आजच्या रस्त्यांच्या आणि फोनच्या काळात अवघड नाही. सासुरवाडीत राहायला लाज वाटते, हे कारण कळांपुढे फार लहान आहे. आणि आत आईच हवी असे तिला वाटत असेल तर आईच आत जावी. तेव्हा नवऱ्याने आईला मदत करावी, जेवण आणावे, दिवस-रात्र वाटून घ्यावी.

दुसरा आक्षेप दवाखान्यातून येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. नातेवाइकांची गर्दी, आवाज, जंतुसंसर्ग, आणि काही बिनसले तर मारहाण, हे सिस्टर आणि डॉक्टरांचे रोजचे भय आहे. महाराष्ट्राने 2010 मध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, यावरूनच परिस्थितीचा अंदाज येतो. पण लेबर रूममधला एक ठरलेला, नाव नोंदलेला, आधी समजावलेला सोबती आणि दाराबाहेरचा वीस जणांचा घोळका यांत फरक आहे. घोळका चिडतो तो बहुतेकदा आत काय चालले आहे हे न कळल्याने. आतल्या माणसाला कळा थांबल्या, बाळाचे ठोके घसरले, म्हणून वरच्या दवाखान्यात पाठवायचे आहे, हे घडताना दिसते. तोच बाहेर येऊन समजावू शकतो. सोबती हा साक्षीदारही असतो, म्हणूनही काही ठिकाणी तो नको असेल. पोट जोरात दाबणे, चापट मारणे, ‘तेव्हा कळले नाही का’ असे बोलणे, हे सरकारी आणि खासगी दोन्ही प्रकारच्या दवाखान्यांत घडते, अशा तक्रारी देशभर नोंदल्या गेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये याविरुद्ध निवेदनच काढले. चांगले काम करणाऱ्या सिस्टरला साक्षीदाराची भीती वाटण्याचे कारण नाही. उलट तिच्या कष्टांना पाहणारे कोणी तरी मिळते.

तिसरा आक्षेप नवऱ्याच्या विरोधातला आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. फ्रान्समधले प्रसूतितज्ज्ञ मिशेल ओदाँ यांनी अनेक वर्षे मांडले की पुरुषाची अस्वस्थता बाईपर्यंत पोहोचते आणि कळा मंदावतात. त्यांच्या मते बाळंतपण ही बायकांच्या निवांत सोबतीत होणारी गोष्ट आहे. आपल्याकडे त्याहून कडू कारणेही आहेत. दारू पिऊन मारणारा नवरा उशाशी उभा राहिला तर त्याला सोबत कोण म्हणेल? आणि मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणारा? 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात बुलढाणा जिल्ह्यात हजार मुलांमागे केवळ 855 मुली होत्या. राज्याची सरासरी 894 होती. ज्या जिल्ह्यात हा आकडा आहे, तिथे लेबर रूममध्ये पहिला प्रश्न ‘काय झाले?’ हाच असणार आणि तो विचारणारा बाजूलाच उभा असणार. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच निवड बाईची हवी, असे मी सुरुवातीला म्हटले. नवऱ्याने आत असणे हा त्याचा हक्क मानला तर एका अधिकाराच्या जागी दुसरा अधिकार बसेल. तिला एकटीला, सासू आणि नवरा समोर नसताना विचारले पाहिजे: तुझ्याजवळ कोण हवे? ती आई म्हणेल, थोरली बहीण म्हणेल, आशाताई म्हणेल, किंवा कोणीच नको असेही म्हणेल. जी नवरा म्हणेल, तिला तो मिळाला पाहिजे. आणि ओदाँ यांच्या म्हणण्यातला मथितार्थ, म्हणजे भेदरलेला माणूस खोलीत नको, तो मान्य करून उपाय शोधायचा तर तो तयारी हाच आहे; सरसकट बंदीने चांगल्या-वाईट सगळ्याच नवऱ्यांना एकाच तागडीत तोलले जाते.

चौथा आक्षेप रोजगाराचा. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या पुरुषाला दोन अपत्यांपर्यंत 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. प्रसूती रजेच्या कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या बाईची रजा 26 आठवड्यांची झाली, पण त्या दुरुस्तीत बापाचा उल्लेखही नव्हता. कपाशी वेचणाऱ्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या, पुण्याकडे कंपनीत कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाला आठ दिवस थांबणे म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडणे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी मिळणारे 5,000 रुपये आईच्या विश्रांतीसाठी आणि तिच्या बुडालेल्या मजुरीसाठी आहेत. ते बापाच्या बुडालेल्या मजुरीकडे वळवणे चुकीचे ठरेल. म्हणून असंघटित मजुरासाठी निदान काही दिवसांचा भत्ता ही मागणी कामगार संघटनांनी आणि महिला संघटनांनी मिळून केली पाहिजे. ती मान्य होईपर्यंत मात्र एक गोष्ट खरी आहे: लग्नकार्यासाठी, यात्रेसाठी, मयतीसाठी मजुरी बुडवायला आपण तयार असतो, कारण तिथे न गेल्यास लोक नावे ठेवतात. बाळंतपणाच्या वेळी नवरा गैरहजर राहिला तर कोणी नावे ठेवत नाही. पैशाची अडचण खरी असली तरी तिच्यामागे ही सवलतही उभी आहे.

शेवटचा आक्षेप प्राधान्याचा. जिथे भूलतज्ज्ञ नाही, रक्तपेढी लांब, तिथे सोबतीची चैन कशाला? पण ही चैन नाही, हे पुरावे सांगतात, आणि तिला जवळजवळ खर्च नाही. विदर्भातच याचा दाखला आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या बाळंतपणाला हजर राहत आणि नवजात बाळाची घरीच काळजी घेत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास बाळांविषयीचा होता, नवऱ्यांविषयीचा नव्हता. पण मोठ्या इस्पितळाची वाट न पाहता, जवळच्या साध्या माणसाला नीट शिकवून आणि वेळेवर हजर ठेवून जीव वाचवता येतात, हे त्याने जगाला दाखवले. डॉक्टर आणि सोबती यांत स्पर्धा लावण्याची गरज नाही. भूलतज्ज्ञाची मागणी करणारा आणि रात्रभर जागणारा नवरा एकच असू शकतो.

मग करायचे काय, याचे उत्तर मोठ्या योजनेत नाही, असलेल्या योजना वापरण्यात आहे. 2016 पासून प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी होते. त्या दिवशी मोताळ्याच्या रुग्णालयात सहाव्या-सातव्या महिन्यापासून नवऱ्यालाही बोलवावे. सिस्टरने किंवा आशाताईंनी तासभर कळांची, धोक्याच्या लक्षणांची, कंबर दाबण्याची माहिती द्यावी आणि लेबर रूम आधीच दाखवून आणावी. त्याच दिवशी बाईला वेगळे बसवून तिच्या पसंतीचा सोबती विचारावा आणि त्याचे नाव माता व बाल संरक्षण कार्डावर लिहावे. माहेरी बाळंत होणार असेल तर ते कार्ड सोबत जातेच, म्हणून तिकडच्या दवाखान्यालाही ते पाहता येईल. ग्रामपंचायतीने आणि रुग्ण कल्याण समितीने टेबलांमध्ये पडदे लावून द्यावेत. खासगीपणाची अट त्या पडद्यांनी पूर्ण होते आणि 2016 ची परवानगी कागदावरून खोलीत येते. वरच्या दवाखान्यात पाठवताना कार्डावरचा सोबतीच गाडीत बसेल, मागून मोटरसायकलने येणार नाही, असा नियम करावा. या चारही गोष्टींना नवा कायदा लागत नाही आणि तालुक्याच्या पातळीवर त्या एका वर्षात होऊ शकतात. त्या झाल्यावर किती नवरे आत येतील, हे आज सांगता येणार नाही. कदाचित बऱ्याच बायका आईलाच निवडतील. तरीही पुढच्या कार्डावर सोबत्याच्या रकान्यात एक नाव लिहिलेले असेल आणि ते तिने स्वतः सांगितलेले असेल. आजवर घरानेही ते विचारले नव्हते आणि दवाखान्यानेही.